उशिरा येणाऱ्याची खुर्ची

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मुख्याध्यापक कधी बसले नाहीत. तिथं बसायचं उशिरा येणाऱ्या मुलानं. हा आमच्या मुख्याध्यापक बाईंचा नियम, आणि बाईंच्या नियमाला अपील नव्हतं. प्रार्थना संपल्यावर जो फाटकातून आत येईल त्याला ओरडा नाही, अंगठे धरणं नाही. त्यानं मुकाट ऑफिसात जायचं, त्या फिरत्या खुर्चीत बसायचं आणि पहिला तास संपेपर्यंत टेबलावरचा बाईंचा मोबाइल वाजला तर उचलायचा. "हॅलो, शाळा बोलतेय. बाई वर्गात हायत. तुमी कोन?" एवढं विचारायचं, निरोप ऐकायचा आणि वर्गात येऊन बाईंना सांगायचा.

मी रुजू व्हायला आलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बेलापूरच्या ऑफिसातून नेमणुकीचा कागद घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला, घसा साफ केला आणि "आत येऊ का, मॅडम?" म्हणत दार ढकललं. खुर्चीत पहिलीतली एक मुलगी. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली, पाय अधांतरी. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई वर्गात हायत. तुमी कोन?"

मी नाव सांगितलं.

"काय काम हाय?"

"नवीन शिक्षक आहे मी. हजर व्हायला आलोय."

"टायमावर आले का लेट?"

मला चांगलाच उशीर झाला होता. तसं मी कबूल केल्यावर ती विचारात पडली, कारण खुर्ची एकच होती. शेवटी तिनं मला कोपऱ्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. ती खुशबू. माझी नोकरीतली पहिली वरिष्ठ, असं मी अजूनही म्हणतो.

शाळा महापालिकेची, पहिली ते चौथी, मराठी माध्यम. तळवलीच्या जवळ, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला. गावातल्या मूळच्या लोकांची मुलं केव्हाच इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये चढली होती. आमच्याकडे उरली होती ती त्यांच्या भाडेकरूंची. कुणाचा बाप तळोज्याच्या कंपनीत कंत्राटावर, कुणाचा गवंडीकामावर, कुणाची आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणारी. बीड-जालन्याची, चिपळूणकडची, गोरखपूरची, गुलबर्ग्याची. एका नेपाळी वॉचमनची दोन.

बाई मात्र गावातल्याच. आगरी. शेतं गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि बाईंचे भाऊ घरमालक झाले. आमच्या निम्म्या मुलांची कुटुंबं त्या भावांच्याच खोल्यांत राहत होती. घरचे म्हणत, "कशाला जातेस त्या पोरांच्या मागं, घरात बस आरामात." बाई ऐकायच्या नाहीत. अंगावर लग्नाला निघाल्यासारखं सोनं आणि पायात रबरी चप्पल, अशा त्या रोज चालत शाळेत यायच्या. दुपारी मुलांच्या पंगतीत मांडी घालून खिचडी खायच्या, आणि डब्यातून सुकटीची चटणी काढून शेजारच्या मुलाला विचारायच्या, "घेतंस का थोरीशी?" मला त्या पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आणि 'मास्तर' म्हणत. मुलांना त्या 'बाय' म्हणायला लावत नव्हत्या, पण बरीच मुलं तसंच म्हणायची.

मी जतकडचा. घरी आमची बोली अगदीच रांगडी. पण डीएडला आमच्या सरांनी माझी जीभ अशी काही घासूनपुसून काढली होती की मी भाजीवाल्याशीसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलायचो. मुलांनी 'पानी' म्हटलं की मी 'पाणी' म्हणायचो. बाई नुसत्या बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मास्तर, तुजे घरी पन असंच बोलतान?" मी "हो" म्हणून टाकलं. त्यांना ते पटलं नसावं.

शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. कोण कुठला, कुणाची मातृभाषा काय, असे ढीगभर रकाने. मी एका बैठकीत सगळे भरून टाकले. यूपी-बिहारवाल्यांना हिंदी, बाकीच्यांना मराठी. बाईंनी स्क्रीनकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "सगला पूस."

"का, बाई?"

"यांच्या आया चिरल्यावर कंच्या भाषेत वरडतान, ती यांची भाषा. तू आयकलंस कं कोनाला?"

कुठल्याच आईला चिडून ओरडताना मी ऐकलं नव्हतं. मग संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, बाई मला घेऊन भावाच्या चाळीत शिरल्या. जिन्यात उभं राहायचं आणि कान द्यायचा. आतून एखादी आई पोरावर तुटून पडली की बाई डोळे मिटून ऐकायच्या, समाधानानं मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "भोजपुरी. लिव." मालकीण जिन्यात का उभी आहे हे न कळून भाडेकरू घाबरून चहा पुढे करायचे. एका घरात आई फारच शांत निघाली. बाईंनी हळूच तिच्या पोराला खुणावलं, "थाली पार." त्यानं आनंदानं स्टीलची थाळी जमिनीवर आदळली. आतून जे काही बाहेर आलं ते मराठी नव्हतं. मी ज्यांना मराठी लिहून मोकळा झालो होतो, ते कुटुंब बंजारा होतं.

परत येऊन भरायला बसलो तर काही भाषांना यादीत जागाच नाही. त्यांच्यासाठी एकच पर्याय, 'इतर'. बाई भडकल्या. "इतर म्हंजे कोन? इतर नावाचा गाव कुटं हाय दाखव मना." मी कुठून दाखवणार? त्या दिवशी मला वाटलं, या बाईंच्या हाताखाली आपलं काही खरं नाही.

या भाषांचं त्या करायच्या काय, तर वाचन. आमच्या शाळेत एका बाकावर एकाच घरच्या बोलीची दोन मुलं कधी बसत नसत. एकानं पुस्तकातलं एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. शेजाऱ्यानं ते आपल्या घरी आईला जसं सांगेल तसं सांगायचं. ते सांगून झाल्याशिवाय वाचणाऱ्यानं पुढं जायचं नाही. "माकड झाडावर बसले होते," असं एक वाचणार. की शेजारची खुशबू सांगणार, "बनरवा पेड़ पर बइठल रहे." वर्गात नुसता बाजार भरायचा. बाई बाकांमधून फिरत राहायच्या आणि एखादा ऐकून घ्यायच्या आधीच पुढं वाचायला लागला की त्याच्या पुस्तकावर हात ठेवायच्या. "थांब. त्याचं आयकलंस कं?"

मला ही पद्धत भयंकर वेळखाऊ वाटायची. पण एक गोष्ट नाकबूल करता येत नव्हती. ही मुलं वाचायची. नुसती अक्षरं जुळवायची नाहीत, कळून वाचायची. तिसरीतलं कुठलंही पोर उभं करा, गोष्ट शेवटपर्यंत न्यायचं.

म्हणूनच दोन वर्षांनी वाचनाच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. वरच्या ऑफिसातून एक तरुण आला होता, हातात फोन, फोनमध्ये ॲप. तिसरीच्या एकेका मुलाला रिकाम्या खोलीत बोलवायचं, एक परिच्छेद द्यायचा आणि कुठवर वाचता येतं ते नोंदवायचं. अक्षर, शब्द, वाक्य, की पूर्ण गोष्ट. आमचा सगळा वर्ग 'वाक्य' या पायरीवर अडकलेला. गोष्ट एकालाही वाचता येत नाही, असा शेरा.

मी वर्गात जाऊन एकेकाला विचारलं. "काय रे, वाचलं नाहीस?"

"वाचलं ना सर. पयलं वाक्य वाचलं."

"मग पुढं?"

"पुढं सरांनी सांगितलंच नाय ना त्यांच्या घरचं. मी थांबलो."

सगळे थांबले होते. आणि तो तरुण? त्याला वरून सूचना होती की मुलाला काहीही सुचवायचं नाही, एक शब्दसुद्धा नाही. तोही बिचारा नियमाचा पक्का. मूल एक वाक्य वाचून त्याच्या तोंडाकडे बघत बसलेलं, तो मुलाच्या तोंडाकडे. दोघंही एकमेकांची सभ्यपणे वाट बघतायत. शेवटी त्यानं 'वाक्य' दाबायचं आणि पुढच्या मुलाला बोलवायचं. मी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हसण्यासारखं काही नव्हतं. आठवडाभरात पत्र आलं. पट आधीच कमी, त्यात वाचनाची ही गत. तेव्हा ही शाळा रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करावी, असा विचार चालू आहे. रस्त्यापलीकडे म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे. ट्रेलर, टँकर, कंपन्यांच्या बस. मोठी माणसंसुद्धा तिथं हात वर करून, देवाचं नाव घेत पळतात.

पालकांची सभा घेतली. कुणी रिक्षाचं बघू म्हणालं, कुणी गावी आजीकडे ठेवतो म्हणालं. खुशबूचा बाप मागच्या भिंतीला टेकून उभा होता. सभा संपल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, रोड पार करके तो नहीं भेजूँगा. लड़की है, छोटी है. घर पे रहेगी, भाई को सँभालेगी." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही दुसरं काय बोललो असतो?

खुशबू तेव्हा तिसरीत होती, आणि अजूनही रोज उशिरा यायची. आई पहाटेच कामाला जायची. धाकट्या भावाला उठवून, खाऊ घालून, अंगणवाडीत सोडून मग ही शाळेत. त्यामुळे ती ऑफिसच्या खुर्चीची जवळजवळ कायमची मालकीण होती. फोनवर तर अशी तयार झाली होती की विचारू नका. एका साहेबांना तिनं सांगितलं होतं, "हळू बोला, मी लिहून नाय घेत, लक्षात ठेवते." मी घाबरून त्या साहेबांची माफी मागायला फोन केला, तर ते म्हणाले, "तुमच्या क्लार्कबाई फार छान बोलतात."

आता शाळा गेली तर पहिली घरी बसणार होती ती हीच. वर्गात ती नेहमीसारखीच बडबडत असायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

मी अर्ज लिहिला. आमची वाचनाची पद्धत काय, गैरसमज कसा झाला, सगळं मुद्देसूद. त्यावर एवढंच झालं की फेरतपासणी मंजूर झाली. मी बाईंना म्हटलं, "बाई, फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे. मुलांना सांगून ठेवू, त्या दिवशी थांबू नका. सरळ वाचत सुटा."

"नाय."

"अहो, पण शाळा जाईल!"

"कलतंय मना."

"मग?"

मी आवाज चढवला होता. बाईंशी त्या सुरात मी कधी बोललो नव्हतो. त्या रागावल्या नाहीत. बांगड्या मागे सारत म्हणाल्या, "मी पयलीत व्हती ना मास्तर, तवाची गोष्ट. पुस्तकात माकड व्हतं, मी माकर बोलली. आमचे घरात माकरच बोलतान. बाय हसल्या, सगला वर्ग हसला. मंग मी वरीसभर तोंड उघारलं नाय. मुकी हाय असं समजलं व्हतं सगल्यांनी." मग म्हणाल्या, "घरातली बोली भायेर ठेवून आत ये, असं सांगितलं ना पोराला, तं ते पोर पन थोरंसं भायेरच ऱ्हातं. सायेब आला की एक, नि सायेब गेला की एक, असं मी नाय शिकवनार."

मला ते कळलं, तरी राग होता. तुमच्या तत्त्वापायी ती पोरगी घरी बसणार, असं मी बोलून दाखवलं. बाईंचा चेहरा उतरला. "तिचाच इचार करतंय मी," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

फेरतपासणीला एक मॅडम आल्या. कडक साडी, कडक चेहरा. मी आमची पद्धत समजावायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाल्या, "तपासणी होईपर्यंत शिक्षकांनी माझ्याशी बोलायचं नाही." झालं. त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसल्या. वर्गातून पहिलं मूल पाठवायचं होतं. मी आमच्यातला सगळ्यात तेज वाचणारा मुलगा उठवला. बाईंनी त्याला खाली बसवलं.

"खुशबूला पाठव."

"बाई, ती अडखळते अजून!"

"पाठव बोलते ना."

पहिल्या तपासणीला खुशबू नव्हतीच. त्या दिवशीही उशीर झाला म्हणून ती ऑफिसात फोन सांभाळत होती. आता ती रिबन घट्ट करत खोलीत गेली आणि दार लागलं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. बाई पायरीवर बसून वाल सोलत होत्या, स्वतःच्या घरच्या संध्याकाळच्या भाजीचे. इतका राग आला मला त्या वालांचा!

बराच वेळ झाला. मग आतून हसण्याचा आवाज आला. मॅडमचा. दार उघडून खुशबू उड्या मारत बाहेर आली.

"काय झालं? वाचलंस? सगळं?"

"वाचलं ना. पयलं वाक्य वाचलं नि थांबली. मॅडम गप्पच. मग मी बोलली, मॅडम, आता तुमी सांगा तुमच्या घरचं. त्या बोलल्या, मला नाय बोलायचं. मी बोलली, मग मी पुढं कशी जाऊ?"

"आणि?"

"मग बघत बसल्या माझ्याकडं. मग सांगितलं." खुशबूनं डोळे वर करून आठवलं. "एक कुत्रानं पिलू व्हतं. मग मी पुढचं वाचलं, त्या बोलल्या, त्याले भूक लागनी. असं सगळं. शेवटपर्यंत. सर, ही कंची भाषा?"

डीएडला माझा खोलीतला सोबती धुळ्याचा होता. "अहिराणी," मी म्हटलं.

साहेब माणसांशी रोज फोनवर बोलणारं पोर पाठवलं होतं बाईंनी. ज्याला भीती नाही आणि लाजही नाही असं. बाकीची मुलं गप्प बसून राहिली असती, हिनं विचारलं. एकदा खेळ कळल्यावर मॅडमनी सगळा वर्ग तपासला. प्रत्येक वेळी आतून अहिराणी ऐकू येत होती, आणि दर मुलागणिक ती मोकळी होत चालली होती. आणि बाई? बाईंना निकालाचं पडलेलंच नव्हतं. त्या लहान मुलासारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "आपल्याकरं अहिरानी नव्हती रे, मास्तर!"

जाताना मॅडमनी पुन्हा कडक चेहरा लावला होता. "निर्णय वरचे घेतील," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. मग आम्ही वाट बघत राहिलो. रोज फोन वाजला की माझ्या हातातला खडू थांबायचा. कधी खिचडीच्या तांदळाचा निरोप, कधी लसीकरणाचा.

त्या दिवशी बाई तिसरीवर आल्या होत्या, मी फळ्याशी होतो. खुशबू अर्थातच ऑफिसात. फोन वाजलेला ऐकू आला. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली.

"बाय, मोठ्या सायबांचा फोन होता. ते बोलले, परत तपासणीचा निकाल आलाय."

आणि थांबली.

मला वाटलं, दम खातेय. तर नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. एक वाक्य झालं होतं.

"अगं, पुढं बोल!" मी जवळजवळ ओरडलो.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या पुस्तकावर हात ठेवला. मग सावकाश म्हणाल्या, "तपासनीचा निकाल आयला हाय."

खुशबूनं मान डोलावली. "तिसरीची मुलं पूर्ण गोष्ट वाचतात, असं मॅडमनी लिहिलंय."

पुन्हा थांबली. बीडकडची एक मुलगी उठून म्हणाली, "आपल्याला समदी गोष्ट वाचता येती म्हणून लिवलंय त्यायनी." बसली. नेपाळी भावंडांतल्या थोरलीनंही सांगायला हात वर केला होता. मी डोळ्यांनी तिची विनवणी केली.

"शाळा रस्त्याच्या पलीकडे जाणार नाही," खुशबू म्हणाली.

या वेळी ती माझ्याकडे बघत होती. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. बाईसुद्धा. मी तोंड उघडलं. पुस्तकातलं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर येईना. बाहेर आला तो माझ्या आईचा आवाज.

"साळा कुटं जात न्हाई," मी म्हटलं. "हितंच ऱ्हातीया. आपली साळा हितंच ऱ्हातीया, लेकरांनो."

मग मुलं अशी हसली, टाळ्या काय, बाकं काय. सर असं बोलतात हे त्यांना नवीन होतं. मीही हसत सुटलो, आणि इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं त्या हसण्याबरोबर उतरलं ते उतरलंच. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खोटारडा मास्तर. घरी असंच बोलतंव बोलला व्हता."

खुशबू अजून दारातच होती. बाईंनी तिच्याकडे वळून आवाज कडक केला. "तू काय बगतेस? तास संपला कं? जा, खुर्चीत बस."

ती निघाली, पण दोन पावलांवरून परत फिरली. "बाय, उद्या पन उशीर झाला तर?"

"तं उद्या पन खुर्ची हाय," बाई म्हणाल्या.